घासून गेलेला नंबर

ते एक्क्याऐंशी साल. त्या वर्षी मका उशिरा पिकला आणि ऐन कापणीत मामंजी गेले. साल चुकायचं कारण नाही. परवान्याच्या निळ्या वहीत त्यांच्या नावापुढे शेवटचा शिक्का त्याच साली पडला, आणि तो मारणाऱ्या कारकुनाचं तोंड मला आजही दिसतं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांच्यामागे घरात आम्ही पाच मोठी माणसं उरलो: सासूबाई, थोरले भाऊजी, माझी जाऊ, माझा नवरा आणि मी. मुलं होती, पण ती या गोष्टीत नाहीत. आणि दोन बंदुका होत्या. एक जुनी ठासणीची, कुणाच्या तरी आज्याच्या हातची, आणि दुसरी दोन नळ्यांची. रानडुकरं पिकात घुसायची म्हणून सरकारातून मिळालेला परवाना होता. माझ्या सतरा वर्षांच्या संसारात त्या बंदुकीनं डुकरं मेली तीन. बाकीचा वेळ ती मधल्या खोलीच्या भिंतीवर लटकून असायची आणि आलागेला तिच्याकडे पाहून आवाज खाली घ्यायचा. मामंजींना तेच हवं असायचं.

तांब्यापितळेची मोठी भांडी घासायचा वार ठरलेला होता. त्याच दिवशी बंदुका खाली यायच्या. मामंजी नळ्यांच्या तोंडात चिंध्या कोंबून द्यायचे आणि पायरीवर बसायचे. विटेचा तुकडा कुटून कापडातून चाळायचा, त्यात चुलीतली राख मिसळायची आणि ओल्या चिंधीनं लोखंड घासायचं, पांढरं होईपर्यंत. "आरसा दिसला पाहिजे," ते म्हणायचे. कुठे काळपट राहिलं की बोट ठेवायचे, तोंडानं बोलायचे नाहीत. मग पुन्हा घासा. लाकडाला पाणी लागता कामा नये, एवढी एकच ताकीद. शेवटी तेलाचा हात. माझ्याआधी सासूबाईंनी पंचवीस वर्षं हे केलं. मी आल्यावर त्यांनी घागरी घेतल्या आणि बंदुका माझ्याकडे दिल्या. जाऊबाईंना विटेच्या धुळीनं दम लागायचा, म्हणून त्या सुटल्या.

बाईमाणसाचा पाय चुकून नळीवरून गेला तर मामंजी आकांडतांडव करायचे. घासायला मात्र बाईमाणूस चालायचं.

ते गेल्यावर सतराव्या दिवशी सकाळी आम्ही मका कापत होतो. मक्याचं पान करवतीसारखं असतं. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक चिरा पडतात आणि त्यात घाम उतरतो. मी आणि नवरा एका ओळीत होतो. जाऊबाई कणसं सोलत बसल्या होत्या. एवढ्यात बांधाकडून आरडाओरडा ऐकू आला. आमच्या शेजाऱ्याला सगळे वाकड्या म्हणायचे, त्याची मान एका बाजूला कललेली असायची म्हणून. बांधावरचा हद्दीचा दगड वाकड्यानं दोन हात सरकवला, असं भाऊजींचं महिनाभर चाललं होतं. मी मान वर करून पाहिलं तर भाऊजींच्या हातात दोन नळ्यांची बंदूक.

मामंजींच्या देखत त्यांनी ती कधी भिंतीवरून काढायची हिंमत केली नव्हती.

"दगड जागेवर ठेव," भाऊजी म्हणत होते. आवाज अगदी हळू. तेच वाईट होतं.

वाकड्याच्या हातात फावडं होतं. त्याच्यामागे त्याची सून उभी होती, दिवस भरत आलेली, दोन्ही हात पोटाखाली धरून. तिला पळताही येईना आणि बसताही येईना.

मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, जा ना."

"दादा काही करत नाही. नुसता दम देतोय," तो म्हणाला आणि विळा हातात घेऊन तिथंच उभा राहिला.

मग मीच गेले. पळाले नाही, चालत गेले. पळत गेले असते तर त्यांचं बोट दचकलं असतं. शेजारी जाऊन नळीला हात घातला आणि सगळं वजन टाकून ती जमिनीकडे दाबली. लोखंड उन्हानं तापलेलं होतं. माझ्या तळहाताला त्याचा कण न् कण ठाऊक होता.

"बाजूला हो," भाऊजी म्हणाले.

"होत नाही."

"माझ्या बापाची आहे ती!"

"म्हणून तर म्हणतेय."

काय म्हणायचं होतं ते मलाही माहीत नाही. त्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता, सकाळी नऊ वाजता. वाकड्यानं फावडं टाकलं, सुनेला दंडाला धरलं आणि निघून गेला. बंदूक माझ्या हातात आली. घरी येऊन मी ती मोडून पाहिली, म्हणजे नळ्यांच्या मुळाशी मधून वाकवली. दोन्ही नळ्यांत काडतुसं होती. नुसता दम.

त्या दिवशी दोन्ही बंदुका मी धान्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. नवऱ्याला म्हटलं, "ही वस्तू घरातून जायला हवी. भाऊजींच्या हातून एखादं माणूस मरेल आणि आपण सगळे त्याच्यामागे मरू."

"बघू," तो म्हणाला. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

पण पाहायची वेळच आली नाही. तिसऱ्या दिवशी हवालदार सायकलवरून आला. वाकड्यानं तोंडी तक्रार केली होती. हवालदार भला माणूस, म्हणजे चहा घेऊन मग दम देणारा. म्हणाला, "परवाना मेलेल्या माणसाच्या नावावर आहे. माणूस गेल्यापासून एका महिन्यात बंदुका सरकारजमा करा, नाहीतर रीतसर विकून मोकळे व्हा. दहा दिवस उरलेत. नंतर पेटीत सापडल्या तर पेटीवाल्याला आत घेऊन जाईन."

"विकायचं कसं?" मी विचारलं.

त्यानं उत्तर नवऱ्याकडे बघून दिलं. "सोपं आहे. सगळ्या वारसांच्या सह्या, एक अर्ज. कचेरीसमोरच परवानावाला बंदूकवाला आहे, तो घेतो. कचेरीत परवान्यावरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर जुळवतात, शिक्का मारतात. एका फेरीचं काम."

एका फेरीचं काम! तो माणूस आता हयात नाही, नाहीतर त्याला गाठून सांगितलं असतं.

सासूबाईंनी लगेच अंगठा दिला. शाई पदराला पुसत म्हणाल्या, "जाऊ दे बाई एकदाची. माझी बोटं तिनंच खाल्ली." नवऱ्यानं सही केली. भाऊजी मात्र दाराशी उभे राहून ओरडले, "बंदूक विकायची म्हणजे घराचं नाक कापायचं! लोक काय म्हणतील? पोटाला नाही म्हणून विकली म्हणतील! मी सही करणार नाही. माझ्या नावावर करा."

"करा की," मी म्हटलं. "मग चौकशी होईल. घरच्यांचे जबाब घेतील, शेजाऱ्यांचे घेतील."

"घेऊ दे. घरातलं कोण काय बोलतंय बघतो."

जाऊबाई चुलीशी पाठ करून बसल्या होत्या. सतरा वर्षांत त्यांनी नवऱ्यासमोर आवाज काढलेला मी ऐकला नव्हता. त्यांनी उलथनं खाली ठेवलं. वळल्या नाहीत.

"मी बोलेन," त्या म्हणाल्या.

"काय बोलशील?"

"मामंजी दवाखान्यात होते तेव्हाची रात्र. बंदूक काढून माझ्या छातीला लावली होती. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून." मग थोडं थांबून, "मीठ जास्त झालं नव्हतं. चौकशीला येणाऱ्याला तेही सांगेन."

सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या. भाऊजींनी लेखणी उचलली, सही केली आणि ती इतक्या जोरात फेकली की शाईचा ओरखडा भिंतीवर उमटला. जाऊबाईंनी उलथनं पुन्हा हातात घेतलं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मला माझाच राग आला होता. एकाच घरात, एकाच चुलीवर आम्ही दोघी, आणि मला कळलं नव्हतं.

कचेरीत जायच्या आदल्या दिवशी मी बंदुका पुन्हा घासल्या. गिऱ्हाईकापुढे मळकी वस्तू कशी न्यायची? दुप्पट भुकटी घेतली. दंड भरून आले, पण दोन नळ्यांची अशी चकाकत होती की तिच्यात माझं कपाळ दिसत होतं.

सकाळच्या गाडीनं मी आणि नवरा निघालो. बंदुका चादरीत गुंडाळून हवालदाराची चिठ्ठी वर बांधलेली. गाडीत नवऱ्यानं गाठोडं माझ्या मांडीवर दिलं. म्हणाला, "तुझ्याकडे बरं दिसतं. बाईच्या हातात अंथरूण वाटतं."

कचेरीची खोली लांबट, एका बाजूला जाळीची खिडकी, भिंतीला टेकून बाकं, त्यावर सातआठ माणसं आपापल्या कागदांसाठी ताटकळत. कारकून जाड मानेचा, बाह्या दुमडलेला. बंदुका उघड्यावर तपासायच्या म्हणून तो मागच्या मोठ्या टेबलाशी आला. ठासणीच्या बंदुकीचं झटक्यात झालं. तिच्या दस्त्याच्या लाकडावर आकडे जाळून कोरलेले होते, ते त्यानं वहीशी जुळवले. मग दोन नळ्यांची हातात घेतली. खिडकीकडे नेली. भिंग काढलं. बोट फिरवलं. पुन्हा वहीत पाहिलं.

"नंबर कुठाय?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला.

"इथं नळीच्या मुळाशी नंबर असतो. वहीत पाच आकडे आहेत. इथं एकाचा नुसता शेपटा दिसतोय." त्यानं आवाज चढवला. "नंबर काढलेली बंदूक म्हणजे काय, माहीत आहे? चोरीची असते ती! खुनातली असते! आणि तुम्ही ती विकायला आणलीत, चादरीत गुंडाळून?"

बाकांवरची माणसं उठून जवळ आली.

"नंबर कुणी काढला नाही," मी म्हटलं. "घासून गेला असेल."

"घासून? लोखंडावरचा नंबर? कशानं?"

"विटेच्या भुकटीनं. आठवड्याला घासत होतो."

आधी एकजण हसला, मग सगळे हसले. कारकून सगळ्यात शेवटी हसला, पण त्याचं हसू सगळ्यात लांब चाललं. "ऐका! बंदूक घासतात! भांड्यांबरोबर! बाई, दाण्याचं कूट पण नळीतच करता का?"

आतल्या खोलीतून साहेब आले. बारीक अंगाचे, घड्याळ बघत. कारकुनानं सांगितलं. साहेबांचं तोंड उतरलं नाही की चढलं नाही. ते म्हणाले, "बंदूक जप्त करा. नंबर खोडल्याचा गुन्हा लिहून घ्या. ताबा कुणाचा?"

कारकुनानं अर्ज पाहिला. "अर्जदार हा," नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "पण पेटीची किल्ली बायकोकडे होती, असं हवालदारानं लिहिलंय."

आणि माझा नवरा म्हणाला, "साहेब, मला यातलं काही माहीत नाही. बंदुका हीच घासायची."

खोटं नव्हतं. शब्द न् शब्द खरा होता. पण ते बोलताना तो माझ्यापासून एक पाऊल बाजूला झाला. पायातल्या वहाणेचा आवाज आला तेवढा. माझ्या कानात आग पेटली. तुरुंगाची भीती नव्हती असं नाही. पण त्या भीतीपेक्षा तो एका पावलाचा आवाज मोठा होता.

"तुझं नाव सांग," कारकून मला म्हणाला.

"सांगते. आधी समोरच्या बंदूकवाल्याला बोलवा."

"का?"

"त्यानं आयुष्य बंदुकांत काढलंय. घासलेलं कुठलं आणि खोडलेलं कुठलं, त्याला कळेल. तुम्हाला कळत नाही."

कारकून भडकला. पण बंदूकवाल्याला विक्रीच्या सहीसाठी यायचंच होतं, म्हणून साहेबांनी मान हलवली.

बंदूकवाला सत्तरीचा, कानाला दोऱ्यानं बांधलेला चष्मा, खिशात चार पेचकस. त्यानं बंदूक हातात घेतली आणि आजारी माणसाकडे बघावं तसा बघत राहिला. मग माझ्याकडे वळला. "बाई, ही बंदूक आहे की घागर?"

"आम्हाला सांगितलं, आरसा दिसला पाहिजे."

"कुणी सांगितलं?"

"सासऱ्यांनी."

"त्याला उलटा टांगायला हवा होता." त्यानं नळीवरून अंगठा फिरवला. "साहेब, खोडलेल्या नंबरावर कानशीचे ओरखडे आडवेतिडवे असतात. ही बघा, सगळीच्या सगळी सारखी झिजलीय. वरची नक्षी गेलीय, काळी निळी झाक गेलीय. पन्नास वर्षांची घासणी आहे ही. चोर एवढी मेहनत करत नाही."

"नंबर नसला की नसला," कारकून म्हणाला. "कायद्यात मेहनत लिहिलेली नाही."

म्हातारा त्याच्याकडे न बघता मला म्हणाला, "हे नळीखालचं लाकूड कधी काढलं होतंत?"

"लाकडाला पाणी लागू द्यायचं नाही, अशी ताकीद होती. त्याच्या खाली हात कधी गेला नाही."

त्यानं नळीखालची खिट्टी दाबली. लाकूड कटकन सुटून त्याच्या हातात आलं. आतलं लोखंड पाहून मला धक्काच बसला. काळंनिळं, गुळगुळीत, नवं कोरं. मी सतरा वर्षं जिला पांढरी समजत होते तिचा खरा रंग हा होता. आणि त्यावर पाच आकडे, जणू कालच ठोकलेले.

"वाचा," म्हाताऱ्यानं कारकुनासमोर धरलं.

कारकुनानं वाचलं. वहीत बघितलं. पुन्हा वाचलं. बाकांवरची माणसं परत जाऊन बसली. साहेबांनी घड्याळ बघितलं. "जुळलं ना? मग बाईचा जबाब घ्या, नंबर का झिजला त्याचा. आणि करा मोकळं." ते आत गेले.

कारकुनानं जबाब लिहिला. मला न विचारताच लिहिला. मग कागद आणि शाईची डबी माझ्यापुढे सरकवली. "अंगठा."

मी कागद उचलून वाचायला लागले. त्याला ते अपेक्षित नव्हतं. मी सातवीपर्यंत शिकलेली. माझा नवरा चौथीपर्यंत.

कागदावर होतं: सदर महिलेने अज्ञानापोटी व मूर्खपणाने...

"हे खोडा," मी म्हटलं.

"काय?"

"अज्ञान नाही. मूर्खपणा नाही. आम्हाला सांगितलं म्हणून घासली. दर आठवड्याला, बेचाळीस वर्षं, दोघी बायकांनी, घरधन्याच्या देखत. तसं लिहा."

"अहो बाई, काय फरक पडतो? सुटलात ना? घरी जा."

"अगं, दे अंगठा," नवरा म्हणाला. "गाडी चुकेल."

"चुकू दे," मी त्याला म्हटलं. मग कारकुनाला, "सगळ्यांदेखत हसलात. ते हसू परत घेता येत नाही. कागद मात्र परत लिहिता येतो. मूर्खपणा असेल तर तो पायरीवर बसून बोट ठेवणाऱ्याचा. त्याचं नाव लिहायची तुमची हिंमत नसेल, तर माझ्या नावापुढेही तो शब्द लिहू नका."

मी त्या टेबलासमोर उभीच राहिले. मागची माणसं कुरकुरायला लागली. बंदूकवाला चष्मा पुसत म्हणाला, "लिही रे बाबा. मला दुकान उघडायचंय." दीड तास उभी होते. पाय सुजले. शेवटी कारकुनानं नवा कागद घेतला आणि मी सांगितलं तसं, शब्दाला शब्द लिहिलं. मी सही केली, अंगठा नाही. मग त्यानं निळ्या वहीत शिक्का असा आपटला की दौत उडाली.

बंदुकीला किंमत कमी आली. कारण म्हाताऱ्यानं सांगितलं आणि मी भांडले नाही. तिची खरी कातडी आम्हीच सोलून काढली होती.

गाडी चुकली होती. दुसरी येईपर्यंत आम्ही स्टँडवर बसलो, एकाच बाकावर, मध्ये रिकामी चादर. नवऱ्यानं विचारलं, "चहा घेतेस?" मी नाही म्हटलं.

पुढे काय झालं म्हणाल, तर वाकड्याच्या सुनेला मुलगी झाली. ती आता कुठल्याशा शाळेत मुख्याध्यापिका आहे. दोन वर्षांनी सरकारी मोजणी झाली तेव्हा दगड खरंच दोन हात सरकवलेला निघाला. म्हणजे भाऊजी खरे होते. खरे होते म्हणून काय झालं? दोन हात जमिनीसाठी त्या पोरीचा जन्मच झाला नसता. वाकड्या दगड मागे घेऊन दुसऱ्या वर्षी वारला. भाऊजी पुढे सहा वर्षं पीत राहिले आणि एका पावसाळ्यात छाती भरून गेले. जाऊबाई त्यांच्यासाठी रडल्या, मग वर्षभरात अशा काही फुलल्या की ओळखू येईनात. घरात सगळ्यात मोठ्यानं त्याच हसायच्या. ऐंशीला दोन कमी असताना गेल्या. सासूबाईंनी बंदुका गेल्यावर घागरी घासणंही सोडलं आणि कुणी म्हटलंच तर बोटं पुढे करून दाखवायच्या. बंदूकवाल्यानं ती बंदूक कुणाला विकली ते माहीत नाही. त्याचं दुकान त्याच्या मुलानं बंद केलं आणि तिथं छत्र्या विकायला लागला. कारकून बढती घेऊन दुसरीकडे गेला. बढतीच मिळते अशांना.

नवरा माझ्याबरोबर आणखी एकोणतीस वर्षं राहिला. वाईट माणूस नव्हता. मारलं नाही, पिऊन आला नाही, मुलींना शिकू दिलं. त्या एका वाक्याबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नाही. मी त्याचं सगळं केलं, पण त्याच्या शेजारी चालताना एक पाऊल अंतर ठेवून चालले. लोकांना वाटायचं, जुन्या वळणाची बाई आहे.

शेवटच्या आजारात तो अंथरुणावरच असायचा. एका दुपारी मी त्याची नखं कापत होते. तो छताकडे बघत म्हणाला, "तुझा राग अजून आहे का गं? कचेरीतला?"

"आहे."

मग म्हणाला, "मी काय बोलायला हवं होतं?"

"आम्ही घासायचो, म्हणायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यानं डोळे मिटले. थोड्या वेळानं स्वतःहून दुसरा हात पुढे केला. मी तो मांडीवर घेतला आणि त्याचीही नखं कापली.